पाच घरची भिकी

एका गावात एक गोष्टीवाली राहायची. गाव इतकं लहान, की एका टोकाला मिरचीची फोडणी पडली की दुसऱ्या टोकाला ठसका लागायचा. त्यामुळे तिनं पारावर सांगितलेली गोष्ट दिवेलागणीपर्यंत घरोघरी पोचलेली असायची.

गोष्ट रचण्याची तिची एक रीत होती. आधी नाव शोधायचं. भुईमुगाची शेंग फोडावी तसं ते फोडायचं आणि आत अर्थाचा जो दाणा सापडेल त्यातून माणूस उभा करायचा. तिच्या गोष्टीतली शांता कधी आवाज चढवत नसे, भीमा एका बैठकीला बारा भाकऱ्या संपवायचा आणि धोंडूच्या डोक्यात काही म्हणता काही शिरत नसे.

"आमच्या आळीतली शांता तर विहिरीवर रोज भांडते!" एखादं पोर म्हणायचं.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!" मोठी माणसं हसायची.

"गावातल्या नावांचं मला सांगू नका," गोष्टीवाली फणकारायची. "माझ्या गोष्टीतली नावं शब्द पाळतात."

या हट्टाला कारण होतं, पण ते ती कुणाला सांगत नसे. तिच्या लेकीला पहिला मुलगा झाला, तेव्हा हिनंच हौसेनं त्याचं नाव अमर ठेवलं होतं. तो सव्वा महिना जगला. दुसरा तर बारशापर्यंतही राहिला नाही. तेव्हापासून खऱ्या नावांवरचा तिचा विश्वासच उडाला होता.

एकदा तिला गोष्टीसाठी एक हावरट बाई हवी होती. नाव सुचलं, भिकी. मग काय, गोष्ट धावतच सुटली. ही भिकी एका वडापाशी गेली आणि धान्य मागितलं. वडानं दिलं. मग गाय मागितली, तीही मिळाली. शेवटी म्हणाली, "आता तुझी सावलीसुद्धा दे." वड रागावला आणि भिकीचा पसरलेला हात जन्मभर तसाच राहिला. पोरांनी ही गोष्ट अगदी डोक्यावर घेतली.

आता त्या गावात एक खरीखुरी भिकाबाईही होती. कुणाच्या घरी पाळणा हलणार असला, की ही म्हातारी खांद्याला झोळी अडकवून दारोदार जायची, जुन्या लुगड्या-धोतरांचे तुकडे मागायची आणि त्यांचं मऊ दुपटं शिवून बाळाला द्यायची. तिच्या दुपट्यात गुंडाळलं गेलं नाही असं गावात एकही पोर नव्हतं. तीच पोरं आता हात पसरून तिच्या मागं धावू लागली, "भिकी आली, हात पसरा! सावली मागा, लाज विसरा!"

भिकाबाईनं चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी तिनं झोळी खुंटीला लावली.

गोष्टीवालीच्या कानावर हे आलं. "मी काय तिच्यावर रचली होती होय?" असं ती म्हणाली खरी, पण आपली गोष्ट पोरांच्या तोंडी बसली म्हणून मनातून थोडी सुखावलीच.

त्याच थंडीत तिची लेक तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिचा रडण्याचा आवाजही फुटत नव्हता. सुईण म्हणाली, "ऊब पायजे लेकराला. पाच घरचं दुपटं घाला, भिकाबाईच्या हातचं."

गोष्टीवालीला पोरांचं ते ओरडणं आठवलं. पण तिसऱ्यांदा रिकामा पाळणा बघायची ताकद तिच्यात नव्हती. ती भिकाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"शिवीन की," भिकाबाई म्हणाली. "त्या लेकरानं माझं काय वाकडं केलंय? पण दारोदार फिरायची न्हाई आता मी. कापड तुमी आणा."

जन्मात कुणापुढे हात न पसरलेली गोष्टीवाली पदर पसरून निघाली. पहिल्या दाराशी तिला बोलताच येईना; तिचा चेहरा बघूनच घरच्यांनी कापड दिलं. दुसऱ्या दाराशी एका चिमुरडीनं तो पसरलेला पदर पाहिला आणि सवयीनं ओरडली, "भिकी आली, हात पसरा!" गोष्टीवालीचं तोंड उतरलं. तिच्याच गोष्टीची ती पिलावळ होती.

चिमुरडीची आई मात्र लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन धावत आली. "घ्या काकू. बाळ वाढू दे." तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्यानं आपलं उपरणंच दिलं. चौथं घर विहिरीवरच्या शांताचं. गावभर भांडणारी ती बाई तिथे एक शब्द बोलली नाही. तिनं कापड दिलं आणि डोळे पुसले.

चार तुकडे घेऊन गोष्टीवाली परतली. "पाचवं घर राहिलं," ती म्हणाली.

"पाचवं माझं," म्हणत भिकाबाईनं पेटी उघडली आणि तळातून एक विटकी कुंची काढली. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर बांधायची, ठिगळाठिगळांची.

"माझ्या आधीची चार लेकरं आईला लाभली न्हाईत," कुंचीची शिवण उसवत ती सांगू लागली. "मी झाले तवा ती अशीच पाच दारी पदर पसरून गेली. त्या चिंध्यांची ही कुंची. म्हणून मी भिकी. ताई, भीक मी न्हाई मागितली. मी भीक मागून मिळालेली हाय. गावानं दिलंय मला. ते काय फिटतंय व्हय? म्हणून शिवत बसते."

"मी या गावात सून होऊन आले, मला कुणी सांगितलंच नाही," असं म्हणायला गोष्टीवालीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"चुकलं माझं, भिकाबाई."

"मग उसवा आन् पुन्हा शिवा. मी न्हाई का रोज तेच करत?"

दुपट्यानं म्हणा, सुईणीच्या हातगुणानं म्हणा, सातव्या दिवशी पोर अशी टाहो फोडून रडली, की शेजारीपाजारी धावत आले. गोष्टीवालीनं त्या दुपट्यातल्या पाचही तुकड्यांवरून हात फिरवला आणि ज्यानं त्यानं दिलेलं कापड ओळखून एकेका घराला मनोमन हात जोडले.

त्या संध्याकाळी ती पारावर आली. पोरं ओरडली, "भिकीची! भिकीची!" जुनी गोष्ट सांगितली तर टाळ्या ठरलेल्या होत्या. आणि आपली गोष्ट चुकली असं कबूल करणारीची पुढची गोष्ट कोण ऐकणार? तरी ती म्हणाली, "पोरांनो, ती गोष्ट मी चुकीची सांगितली. भिकी या नावाचा अर्थच मला कळला नव्हता."

आणि तिनं ती नव्यानं सांगितली. या वेळी भिकीनं धान्य मागितलं ते उपाशी शेजारणीसाठी. गाय मागितली ती आई नसलेल्या तान्ह्यासाठी.

"आणि सावली?" दुसऱ्या घरच्या त्या चिमुरडीनं विचारलं.

"सावली तुमच्यासाठी. तान्हे होता तेव्हा तुम्ही तीच पांघरली होती. घरी जाऊन विचारा."

पोरांनी विचारलं. घरोघरी पेट्या उघडल्या आणि जपून ठेवलेली दुपटी बाहेर निघाली.

काही दिवसांनी भिकाबाई पुन्हा झोळी घेऊन निघाली. ती चिमुरडी समोरून धावत येताना दिसली, तशी म्हातारीनं मान खाली घातली.

"भिकीआजी, आधी आमच्याकडे ये!" म्हणत पोरीनं डोक्यावरची कानटोपी काढून झोळीत टाकली.

"अगं, परवाच घेतलीय ती!" मागून आई ओरडली.

भिकाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. टोपी पुन्हा पोरीच्या डोक्यावर चढवत म्हणाली, "जुनं दे गं बाय. माणसाचं अंग लागलेलं कापडच मऊ असतं."

बारशाला सगळे कान टवकारून बसले होते. गोष्टीवाली यंदा कोणतं भारदस्त नाव सुचवते? आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मोठ्यानं नाव सांगितलं, "भिकी!" पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

"असलं नाव ठेवलं तरी कुणी?" एकानं विचारलं.

"पाच घरांनी," गोष्टीवाली म्हणाली, आणि बाळ तिनं आधी भिकाबाईच्या मांडीवर दिलं.

तात्पर्य: नावाचा अर्धाच अर्थ शब्दात असतो, उरलेला ते ठेवणाऱ्याच्या मनात असतो. माणूस गोष्टीतला असो की गावातला, त्याचा स्वभाव ठरवण्याआधी त्याला नाव कसं मिळालं ते विचारावं.