महाराज गोधडीवर निजले

श्रीनिवांतनाथ महाराज त्या वर्षी करंजथडी गावी मुक्कामाला होते. मुक्काम कसला, तर नदीकडच्या चिंचेखाली एक घोंगडी आणि पाण्याचा तांब्या. कमरेला पंचा, पाठ उघडी. गावकऱ्यांनी मठी बांधून देतो म्हटले, तर महाराज हसून म्हणायचे, "नको रे, या झाडाला वाईट वाटेल!" अशी ती प्रेमळ मूर्ती! मनात जे सलत असेल ते त्यांच्यापुढे जाऊन बोलावे, एवढीच तिथली पूजा.

त्याच गावात भागीरथीबाई गुरवांच्या घरी नातवाचे बारसे होते. भागीरथीबाईंच्या हातच्या गोधडीला पंचक्रोशीत तोड नव्हती, आणि ही गोष्ट पंचक्रोशीपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक होती. त्यांच्या घराची एक रीत होती. पाळण्यात बाळाच्या पाठीखाली घालायची गोधडी आजोळहून यायची, आणि ती घालण्याआधी घरातल्या मोठ्या बाईने तिच्यावरून तळहात फिरवायचा. कुठे टोचले, रुतले, की गोधडी माघारी.

आजोळी मात्र गोधडी शिवायला बाईच उरली नव्हती. सून शेवंता लहान असतानाच तिची आई गेली. वडील सिदराम शेजारच्या गावचे गुरव. देवळाची झाडलोट करावी, लग्नाकार्याला पत्रावळी लावून द्याव्यात आणि येता-जाता महाराजांचे नाव घ्यावे, असा हा भोळा माणूस. बारसे ठरल्यावर त्याने पेटीतून बायकोचे एकुलते हिरवे लुगडे काढले. इतकी वर्षे त्याने ते जिवापाड जपले होते. "आजी तर दिसली नाही लेकराला, निदान तिचं लुगडं तरी त्याच्या पाठीखाली जाऊ दे," असे म्हणून त्याने त्याचे चौकोन कापले. त्यांना आपल्या जुन्या धोतराचे चौकोन जोडले आणि बसून गोधडी शिवली.

पण हात पडला पत्रावळीचा! तिथे पानावर पान ठेवत गोल फिरत जायचे असते. कापडाचे तसे नाही. दोन तुकडे जोडले की शिवणीच्या आत काठाची दुमड राहते. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच अंगाला बसवावी लागते. सिदरामाने ती हात वळेल तशी वळवली. एका टोकाला डावीकडे, दुसऱ्या टोकाला उजवीकडे. मध्ये दुमडीला पीळ पडला आणि जिथे चार तुकडे भेटतात तिथे दर ठिकाणी हरभऱ्याएवढी गाठ उभी राहिली. खालून अस्तर लावले तरी गाठी काही लपेनात. बिचाऱ्याला वाटले, धुतल्यावर बसतील.

बारशाच्या दिवशी सकाळी तो गोधडी घेऊन लेकीच्या दारी आला. भागीरथीबाईंनी ओसरीवर गोधडी पसरली, तळहात फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"व्याहीबुवा, ही गोधडी हाय का पत्रावळ? हिच्यावर लेकरू निजवायचं का भात वाढायचा?"

जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. भागीरथीबाईंचे तेवढ्याने भागले नाही. त्यांनी सुईने अस्तराचा एक कोपरा उसवला आणि आतली पिळवटलेली शिवण सगळ्यांना दाखवली. "बघा गं बायांनो, दुमड हितं अशी अन् तितं तशी! सुनंला आई असती तर असलं शिवून धाडलं असतं का?"

आतल्या खोलीत शेवंताने हे ऐकले. बाळाला छातीशी धरून ती मुकाट्याने रडू लागली.

सिदरामाने हात जोडले. "विहीणबाई, चुकलं माझं. पर त्यात शेवंताच्या आईचं लुगडं हाय. कापून बसलो, आता काय ते पुन्हा जुळायचं न्हाई. आजच्या दिवस पाळण्यात घाला."

"लुगडं कुणाचं बी असंना, पाठ लेकराची हाय. तिला रुतंल. मी माझी गोधडी घालते. ही तुम्ही माघारी न्या."

बोल कडू होते, पण त्यातले गाठींचे म्हणणे खोटे नव्हते. गोधडी काखेत मारून सिदराम थेट चिंचेखाली गेला आणि महाराजांपुढे मटकन बसला.

महाराज म्हणाले, "अरे सिद्या, नातवाचं बारसं, आणि तोंड असं?"

त्याने रडत रडत सगळे सांगितले. महाराजांनी गोधडीचा उसवलेला कोपरा हातात घेऊन नीट न्याहाळला आणि विचारले, "पत्रावळ कशी लावतोस रे?"

"पानावर पान, फिरवत जायचं महाराज. शेवटचं पान पहिल्याच्या खाली."

"मग चार दुमडी भेटतात तिथंही तसंच कर की!" महाराजांनी त्या जागचे दोन टाके सोडवले, चारही दुमडी एकीमागे एक गोल फिरवून बसवल्या आणि अंगठ्याने दाबल्या. काय नवल! गाठ मोडली, जागा सपाट झाली.

सिदरामाचे डोळे चमकले आणि लगेच विझले. "पर बाकीच्या गाठी अस्तराच्या आत हायती. समदं उसवून पुन्हा शिवायचं, तर दिवेलागणीला पाळणा हाय."

"असं म्हणतोस? मग राहू दे," महाराज म्हणाले. "मला झोप आली आहे." त्यांनी घोंगडी बाजूला सारली, सिदरामाच्या हातातली गोधडी जमिनीवर अंथरली आणि उघड्या पाठीने तिच्यावर आडवे होऊन ते घोरूसुद्धा लागले!

आता आली का पंचाईत! देवाला उठवायला काकडआरती असते. झोपलेल्या साधूला उठवायची आरती सिदरामाला ठाऊक नव्हती. तो पायांशी बसून नाम घेत राहिला आणि आपल्या खांद्यावरच्या पंच्याने माश्या वारत राहिला. झोपेत मधूनच महाराजांच्या कपाळावर वेदनेची आठी उमटे. पण त्यांनी कूस बदलली नाही. ऊन कलल्यावर ते उठले, फांदीवरचे उपरणे खांद्यावर टाकले, गोधडीची घडी सिदरामाच्या हाती दिली आणि म्हणाले, "चल, मलाही बारशाच्या घुगऱ्या खायच्या आहेत."

महाराज दारात आलेले पाहून भागीरथीबाईंची धांदल उडाली. महाराज म्हणाले, "बाई, या गोधडीवरून पुन्हा एकदा हात फिरव."

"आपण म्हणता म्हणून फिरवते," असे म्हणून त्यांनी तळहात फिरवला. उभा फिरवला, आडवा फिरवला, डोळे मिटून फिरवला. गाठ लागेना! उसवलेल्या कोपऱ्यातून कोपरापर्यंत हात आत घातला. दर जोडावर दुमडी गोल फिरून निमूट बसल्या होत्या. टाके मात्र तेच, सिदरामाचे, मोठे मोठे आणि वाकडे.

"कुणी केलं हे, व्याहीबुवा?"

"देवाशपथ, एक जोड महाराजांनी बसवला, बाकीला कुणीच हात लावला न्हाई. महाराज हिच्यावर निजले व्हते."

इतक्यात महाराज शेवंताच्या मांडीवरच्या बाळाला आशीर्वाद द्यायला वाकले आणि त्यांच्या खांद्यावरचे उपरणे घसरले. समईच्या उजेडात भागीरथीबाईंनी ती पाठ पाहिली. हरभऱ्याएवढे लाल वळ, ओळीने, चौकोनाच्या अंतरावर, खांद्यापासून कमरेपर्यंत!

त्यांच्या हातून गोधडीच निसटली. "महाराज! हे काय करून घेतलंत?"

महाराज म्हणाले, "बाई, गाठी होत्या हे तुझं खरं. लेकराला रुतल्या असत्या, हेही खरं. कुणाच्या तरी पाठीला त्या रुतायच्याच होत्या. माझी पाठ जुनी आहे, चालतं तिला."

भागीरथीबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांनी गोधडी उचलली आणि स्वतःच्या हाताने पाळण्यात अंथरली. शेवंताने डोळे पुसत बाळाला तिच्यावर ठेवले. त्याने एक जांभई दिली आणि मुठी वर करून ते झोपीही गेले.

मग भागीरथीबाईंनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. उठल्या, आणि सगळ्या बायकांदेखत सिदरामापुढे वाकल्या. तो "अहो, अहो विहीणबाई" करत मागे सरकला, तरी त्या तशाच वाकून राहिल्या.

"गोधडीतली गाठ हाताला लागली माझ्या," त्या म्हणाल्या, "पर माझा शब्द तुमाला अन् पोरीला किती रुतला, ते कळलं न्हाई. मला पदरात घ्या."

अशा त्या कृपावंत पाठीला आपणा सर्वांचा साष्टांग नमस्कार असो.