रावजीआबांचा आग्रह

आमचे चुलत सासरे रावजीआबा पंगतीत स्वतः जिलब्या वाढतात, आणि त्यांना नाही म्हणायची गावात कुणाची टाप नाही. त्यांच्या नातवाच्या बारशाला त्यांनी माझ्याही पानात जिलब्यांचा ढीग घातला.

"आबा, नको. डॉक्टर म्हणाले, साखर वाढायला लागलीय. आत्ताच जपलं तर डायबिटीस टळेल."

"म्हणजे अजून झालेला नाही ना?" आबा सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असे गरजले. "मग आत्तापासून कशाला भ्यायचं? खा मुकाट्यानं!"

लोक हसले. माझ्या आईची नजर याच रोगानं गेली, हे ठाऊक असून हसले! माझं डोकंच फिरलं. मी पानावरून उठले, माझ्या दोन वर्षांच्या लेकीला, रेवाला उचललं आणि अंगणातल्या विहिरीच्या कठड्यावर बसवलं, दोन्ही हातांनी गच्च धरून.

आबांच्या हातातलं ताट खाली पडलं. "अगं सूनबाई, वेड लागलं का? उतरव पोरीला!"

"अजून पडली नाही ना, आबा? मग आत्तापासून कशाला भ्यायचं?"

आबांनी धावत येऊन रेवाला कडेवर घेतलं, माझ्या पानातल्या जिलब्या स्वतः उचलल्या आणि वाढप्यावर खेकसले, "बघतोस काय? हिला काकडीची कोशिंबीर वाढ!"