तेलाच्या डब्यातली मुहूर्तमेढ

कृष्णाकाठच्या एका बाजारगावात केरबा नावाचा सुतार होता. दाराची चौकट करावी तर केरबानंच, असं सगळी पेठ म्हणायची. त्या काळी घर बांधणं म्हणजे वर्षभराचं काम असे. चौकट उभी राहायची त्या दिवशी घराचा धनी सुताराला टोपी आणि उपरणं द्यायचा, आळीभर गूळखोबरं वाटलं जायचं, आणि ज्यांचा त्या घराशी काडीचाही संबंध नाही अशी माणसंसुद्धा चौकटीला हात लावून जायची. आता घरं भराभर उभी राहतात. पण गूळखोबरं वाटायचं कुणाला, शेजारी कोण राहतो हेच ठाऊक नसतं.

केरबाकडे अशा मानाच्या टोप्यांची चळत लागली होती. पण ती चळत ज्या घरात होती, ते घर भाड्याचं होतं. गावाला याची मोठी गंमत वाटे. कुणी चेष्टा केली की केरबा म्हणायचा, "भाड्याचं असंल, पर कुणाचं एका पैशाचं देणं न्हाई." आणि पुन्हा रंधा मारायला लागायचा.

त्याला कारण होतं. त्याच्या बापानं जागा गहाण टाकून दुमजली घर बांधलं होतं. कर्ज काढलं ते चैत्रात. चैत्रात सुताराला चार हात असले तरी पुरत नाहीत, खिशात पैसा खुळखुळत असतो. त्या कमाईवर बापानं महिन्याचा हप्ता ठरवून टाकला. मग पावसाळा आला. पावसाळ्यात बांधकामं थांबतात, आणि भाद्रपदातल्या पितृपंधरवड्यात तर नव्या चौकटीचं कुणी नावही काढत नाही. हप्ते थकले. दोन पावसाळ्यांत घर गेलं. आईनं चुलीवरचं कालवण पातेल्यासकट उचललं आणि ती उंबऱ्याबाहेर पडली, हे नऊ वर्षांच्या केरबानं पाहिलं होतं. मोठेपणी त्यानं शपथच घेतली, कर्ज म्हणून काढायचं नाही.

त्याची बायको अनसूया मोठी समजूतदार होती. त्यांना एकच मुलगी, यमुना. भाड्याच्या घरात भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागे. सुताराच्या घरात खिळ्याला परवानगी, म्हणून अनसूया आधी आधी हसायची. पुढे तिचं हसणं कमी झालं.

यमुना सहा वर्षांची असताना गावातल्या एका निवृत्त मास्तरीणबाईंनी आपलं तीन खोल्यांचं घर विकायला काढलं. मागं छोटंसं परसू होतं, परसात रामफळाचं झाड होतं. अर्धी रक्कम केरबाच्या पेटीत होती. उरलेली गावची पतपेढी घर गहाण ठेवून द्यायला तयार होती, दहा वर्षांच्या बोलीवर. अनसूयेला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिशेब तिचा चोख असायचा.

"भाड्यापरीस हप्ता थोडाच जास्त हाय," ती म्हणाली. "आन् भाडं तर आपण पावसाळ्यात बी देतोयच की. ते कधी संपायचं न्हाई. हप्ता दहा वर्सांनी संपंल."

"गहाण टाकल्याल्या घरात मला झोप लागायची न्हाई," केरबा म्हणाला.

"मग आता कुणाच्या घरात झोपताय?"

केरबा रागावून रंधा मारायला निघून गेला. दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ते घर एका कासारानं घेतलं.

मग केरबा आणखी नेटानं पैसे साठवू लागला. चहा सोडला, तंबाखू सोडली. जत्रेत यमुनेला पाळण्यात बसवायचं, तेही दर साली पुढच्या सालावर ढकललं. पेटीतले पैसे वाढत होते, पण घरांच्या किमती त्याहून भरभर वाढत होत्या. कर्ज नव्हतं हे खरं. रात्री शांत झोप लागायची हेही खरं. आणि बघता बघता यमुना लग्नाची झाली, हे तर सगळ्यांत खरं.

तिचं लग्न ठरलं. लग्नघरी मांडवाचा पहिला खांब, म्हणजे मुहूर्तमेढ, घरच्या अंगणात खड्डा खणून रोवायची रीत. घरमालकानं त्याच साली अंगणात शहाबादी फरशी बसवून घेतली होती. माणूस काही वाईट नव्हता. "केरबा, मांडव खुशाल घाल," तो म्हणाला. "पर खड्डा तेवढा खणू नगंस. फरशी फुटंल."

अंगण केरबाचं नव्हतं. त्यानं बाजारातून तेलाचा रिकामा डबा आणला, त्यात ओढ्याकाठची माती भरली आणि लेकीची मुहूर्तमेढ त्या डब्यात रोवली. मेढ कलायला लागली. ज्यानं शंभर घरांच्या चौकटी ओळंब्यात उभ्या केल्या, तो माणूस एकुलत्या एका लेकीच्या मुहूर्तमेढीखाली लाकडाच्या चिपा सारत बसला. अनसूयेनं डबा दोन्ही हातांनी धरून ठेवला. ती टाकून बोलली असती तर केरबाला बरं वाटलं असतं.

लग्नानंतर चार वर्षांनी केरबानं घर घेतलं, अगदी रोख पैसे मोजून. चौकट त्यानं स्वतःच्या हातानं केली. गूळखोबरं वाटलं, सारा गाव येऊन कौतुक करून गेला. संध्याकाळी नवराबायको पडवीत टेकली. आता अंगणात हवे तेवढे खड्डे खणायची मुभा होती, पण त्या घरातून कुणाचं लग्न निघायचं नव्हतं.

"घर झ्याक झालंय," अनसूया म्हणाली. "लईच शांत हाय पर."

तिनं टोमणा मारला नव्हता. तरी केरबाचे डोळे भरून आले. यमुनेचं सगळं लहानपण त्या परक्या घरात राहून गेलं होतं, आणि ते विकत आणायला पेटीतला कुठलाच पैसा उपयोगाचा नव्हता.

पुढच्या वैशाखात यमुना माहेरी आली. तिचा नवरा सोपान, तोही सुतारच. दोघांची दोन लहान मुलं. सोपाननं तालुक्याच्या गावी एक दुमजली घर हेरलं होतं, गहाणावर कर्ज मिळत होतं. तो सासऱ्याचं मत घ्यायला आला होता. बाप काय म्हणणार हे यमुनेला ठाऊक होतं, म्हणून ती आधीच मान खाली घालून बसली होती.

"मामा, हप्ता आरामात जाईल," सोपान म्हणाला. "चैत्रात तर हप्त्याच्या तिप्पट कमावलं."

"आन् गेल्या भादव्यात?" केरबानं विचारलं.

सोपान बोटांवर हिशेब करू लागला आणि मध्येच थांबला.

केरबा म्हणाला, "माझ्या बापानं चैत्राकडं बघून कर्ज काढलं आन् घर घालवलं. मी भादव्याला भिऊन कर्जच काढलं न्हाई, आन् लेकीची मुहूर्तमेढ डब्यात रोवली. दोघं बी चुकलो. यमुनेच्या आईचं ऐकाय पायजे हुतं. जावईबापू, भादव्यात झेपंल एवढाच हप्ता धरा. चैत्रात उरंल ते जादा भरा. तेवढ्यात जे घर बसंल ते घ्या, पर घ्या."

"तेवढ्यात दोनच खोल्या बसत्याल, मामा." सोपानचा चेहरा उतरला.

यमुनेनं आईकडे पाहिलं. अनसूया परसातल्या मातीत बरबटलेल्या नातवंडांकडे बघत होती. नजर न हलवता ती म्हणाली, "दोन तर दोन. पर पोरं ल्हान हायती तवर घ्या."

तात्पर्य: कर्ज घ्यावं की नाही हे भरल्या महिन्याला विचारू नये आणि मनातल्या भीतीलाही विचारू नये. रिकाम्या महिन्यात फेडता येईल एवढंच घ्यावं, आणि बिनकर्जी राहण्याच्या हट्टापायी घरच्यांची वर्षं खर्च करू नयेत, कारण पैशाचं देणं फिटतं, गेलेली वर्षं भरून देता येत नाहीत.