तळाची तोटी

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथल्या एका गावात होड्या बांधणारा एक सुतार राहत होता. कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, पण जीभ अशी की समोरच्याचा पाणउतारा केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आपली एकुलती एक लेक त्याने गावातल्याच तांडेलाला दिली होती. तांडेल म्हणजे होडी हाकणारा.

त्याच गावात एक शेठ होता. पैलतीरावर माणसं नेण्यासाठी त्याने यंत्राची होडी बांधायला काढली आणि तिच्यावर तांडेल म्हणून सुताराच्या जावयाला नेमलं. यंत्र तापू नये म्हणून त्याला समुद्राचं पाणी द्यावं लागतं, आणि ते आत घ्यायला होडीच्या तळाला भोक पाडून एक तोटी बसवावी लागते. आता तुम्हीच सांगा, पाणी बाहेर ठेवायला होडी बांधायची आणि तिच्याच बुडाला आपल्या हाताने भोक पाडायचं. मग तिथे बसणारी वस्तू किती पारखून घ्यायला हवी?

सुताराने काशाची, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाची, तोटी सांगितली होती. शेठने शहरातून आणली पितळेची, चकचकीत. का, तर त्या गावात नारळी पौर्णिमेला पूजेआधी होड्यांचं सगळं धातूचं सामान चिंचेने घासतात, आणि काठावर ओढून ठेवलेल्या होड्यांभोवती फिरून अख्खा गाव बघतो की कोणाचं किती लखलखतं. शेठला त्यात सगळ्यांच्या वर राहायचं होतं. काळपट काशाकडे कोण बघणार, असं त्याचं म्हणणं. पाण्याखालच्या तोटीचाही मिरवायला उपयोग करणारा तो माणूस, त्याला काय म्हणावं!

सुतार भडकला. "शेठ, पितळेत जस्त असतं. खारं पाणी ते जस्त खाऊन टाकतं. मागे उरतं तांब्याचं नुसतं भूस. तोटी दिसते तशीच, पण दाबली की चुरा होतो."

इथे थांबला असता तर शेठने ऐकलंही असतं. पण थांबेल तो सुतार कसला. चारचौघांत त्याने शेठची अक्कल काढली, मग त्याच्या बापाची काढली. शेठही हट्टाला पेटला. सुताराने हत्यारं गोळा केली, या होडीला पुन्हा हात लावणार नाही असं बजावलं आणि घर गाठलं. तोटी दुसऱ्याच कोणी तरी बसवली.

तीन वर्षं होडी सुखरूप चालली. लोक सुताराला मुद्दाम विचारायचे, बुडते कधी तुमची होडी? तो आतल्या आत धुमसायचा. खरं सांगायचं तर आपलं म्हणणं एकदा खरं ठरावंच, असंही त्याला वाटू लागलं होतं. त्या होडीवर आपला जावई उभा असतो, याचाही मेल्याला विसर पडला.

चौथ्या नारळी पौर्णिमेला जावई दुपारचा त्याच्या दारात आला. हात चिंचेने माखलेले. चिंच लावली की पितळ जरा लाल व्हायचं आणि राखेने घासलं की पुन्हा पिवळं, हे दरवर्षीचंच होतं. यंदा मात्र कितीही राख घासली तरी तोटी लालच राहिली होती. बाकीचे म्हणत होते, चिंच जास्त झाली असेल. तांडेलाच्या मनाला ते पटेना.

"मामा, ती चिंचेचीच लाली आहे ना?"

सुताराला ऐकताक्षणी कळलं. तोटीतलं जस्त संपलं होतं. उठून काठापर्यंत जायचं आणि दोन शब्द सांगायचे, एवढंच काम होतं. पण तीन वर्षांचे टोमणे त्याच्या घशाशी आले.

"तुमच्या शेठला विचारा. सगळी अक्कल त्यांच्याकडे आहे," असं म्हणून त्याने पाठ फिरवली.

जावयाला वाटलं, खरंच धोका असता तर मामा बोलले असते. तो परत गेला. पूजा झाली, नारळ वाहिला, आणि तोटीवर काय झळाळी आली आहे म्हणून गावाने कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघालेली चाळीस माणसं घेऊन होडी सुटली. भर खाडीत यंत्राच्या हादऱ्याने तोटी मुळापासून मोडली आणि मनगटाएवढी धार आत उसळली. तांडेलाने सुकाणू शेजारच्याच्या हाती दिलं, होडी वळवून गावाच्या काठावरच्या रेतीवर चढवायला सांगितली आणि स्वतःचा उजवा हात त्या भोकात दाबून धरला. मोडक्या धातूच्या कडा हातात रुतत होत्या, तरी त्याने तो काढला नाही. होडी रेतीला लागली. सगळी माणसं वाचली. त्याची तीन बोटं मात्र कायमची गेली, आणि त्या हाताने आता सुकाणू धरता येणार नव्हतं.

सुतार धावत काठावर आला. तोटीचा तुकडा उचलून त्याने शेठच्या डोळ्यांसमोर चिमटीत चुरला. लाल भुगा खाली पडला. शेठने मान खाली घातली. लोक एकमेकांना म्हणू लागले की सुतार खरं बोलला होता, आणि इतकं सगळं घडूनही ते ऐकून त्याला बरं वाटलं. शरम म्हणून काही असते की नाही माणसाला?

तेवढ्यात लेक पुढे आली. नवऱ्याच्या हाताला गुंडाळलेला तिचा पदर रक्ताने भिजला होता.

"बाबा, काल हे तुम्हाला विचारायला आले होते. तुम्हाला माहीत होतं ना?"

सुताराने बोटांना लागलेला लाल भुगा धोतराला पुसला. लेकीने बापाकडे एकदा बघितलं आणि नवऱ्याला घेऊन ती घरी गेली.

त्या वर्षापासून पूजेच्या दिवशी सुतार हातात सुरी घेऊन काठावर येतो. ज्यांच्याशी भांडण आहे त्यांच्याही होडीखाली शिरतो, प्रत्येक तोटी खरवडून बघतो, लाल निघाली तर मालकाला चार शिव्या घालतो आणि नवी काशाची बसवूनच उठतो. गाव आता त्याचं ऐकतो. लेक मात्र अजून त्याच्याशी बोलत नाही.

तात्पर्य एवढंच ध्यानात ठेवा: जीव तोलून धरणारी वस्तू चमक बघून निवडतो तो मूर्ख, पण तिच्यातला धोका ओळखूनही रागापायी गप्प बसतो, तो त्याहून वाईट, तो गुन्हेगार.