पुलावरचा झेंडा

“...मग अंदाज चुकला, तर त्याला प्रायश्चित्त काय, बुवा?”

बुवा वाल सोलत बसले होते. त्यांची बोटं थांबली नाहीत.

“कुनाचा चुकला?”

“समजा, माझा.”

“समजा कशाला? चुकला का न्हाई?”

“चुकला.”

“मंग चुकला. अंदाजच व्हता ना तो?”

एवढं ऐकून सारंग दातारचा जीव भांड्यात पडायला हवा होता. हेच ऐकायला तर तो भर दुपारी मठाची चढण चढून आला होता. पण जीव होता तिथेच अडकून राहिला.

शेवती नदीच्या खोऱ्यात सारंगला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. हवामानाचं शास्त्र शिकून तो पुण्याहून इथे आला, आणि डोंगर चढणाऱ्यांना, कड्यावरून दोरानं उतरणाऱ्यांना, नदीत रबरी होड्या घालणाऱ्यांना हवा सांगू लागला. रोज संध्याकाळी मोबाइलवर त्याचा आवाज यायचा. उद्या सुळक्यावर वारा किती, कातळ ओला की कोरडा, नदीला ओढ कशी. आणि सकाळी पुलाजवळच्या काठीवर तो स्वतःच्या हातानं झेंडा चढवायचा.

झेंडा हिरवा असला की होड्या पाण्यात उतरायच्या. लाल असला की काठावरच राहायच्या. मग पाहुणे मुंबईचे असोत की मंत्र्याच्या ओळखीचे, त्यावर कुणी हुज्जत घालत नसे.

माणूस हुशार होता, यात वाद नाही. फक्त ते त्याला स्वतःलाही फार चांगलं ठाऊक होतं. अंदाज खरा ठरला की त्याला दम निघत नसे. लगोलग मठात यायचा.

“बुवा, मी म्हणालो होतो ना, दुपारनंतर पाऊस? आला की नाही?”

“आला की. तू सांगितलंस म्हनून आला का रं?”

बुवा असं काही म्हणायचे आणि हसायचे. त्यांचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. आभाळ बघायचा प्रश्नच नव्हता. पाऊस अंगावर पडल्याशिवाय आपल्याला कळत नाही, असं ते स्वतःच सांगत. त्यामुळे सारंगला त्यांच्यापुढे मिरवायला आणखीच बरं वाटायचं.

आज मात्र मिरवण्यासारखं काही नव्हतं.

“त्या दिवशी होडी उलटली, ती कळली असेल तुम्हाला,” तो म्हणाला.

“कळली. एका पोरीचा हात मोडला म्हनं.”

“हो. भागोजीनं तिला ओढून काढलं. बाकीचे वाचले.”

“भागोजी झोरेच वल्हवत व्हता ना होडी?”

“तोच.”

... बुवांनी एक शेंग उचलली, दाणा काढला, टरफल बाजूला टाकलं.

“वर घाटमाथ्यावर पाऊस झाला होता,” सारंग घाईघाईनं सांगू लागला. “खाली तर लख्ख ऊन. माचीवरचा माणूस मला रोज फोन करतो, वर काय चाललंय ते सांगतो. त्या सकाळी त्याचा फोन लागेना. थांबायला हवं होतं. पण सगळ्या पावसाळ्यात माझा एक अंदाज चुकला नव्हता, बुवा. मी म्हटलं, आजही बरोबरच असणार. आणि चढवला झेंडा.”

“कंचा?”

“हिरवा.”

“बरं.”

“मग पाणी वाढलं.”

“मंग वाढलं. तू काय वर जाऊन वतलंस का? थांबाया हवं व्हतं, हे तुला कळलं. पुढच्या खेपंला थांब. जा आता, च्या घ्यायचा आसंल तर आत चुलीवर हाय.”

सारंग उठला. दारापर्यंत गेला. चपलेत एक पाय घातला.

मग तो पाय त्यानं काढून घेतला, आणि येऊन पुन्हा बसला.

परातीत दाणे पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

“बुवा... लोक म्हणतात, त्या दिवशी झेंडा लाल होता.”

“म्या बी तेच ऐकलं.”

“सगळे भागोजीलाच बोलतात. लाल झेंडा दिसत असून होडी घातलीच कशी म्हणून.”

“आन् तू तर म्हनतोस हिरवा व्हता.”

सारंगचे कान तापले. त्यानं मान खाली घातली. बुवांना काही दिसत नव्हतं, तरी घातली.

“ओरडा ऐकू आला तसा मी पुलाकडे धावलो. खाली होडी पालथी दिसली. मी... मी नदीत उडी मारायला धावलो नाही, बुवा. मी काठीकडे धावलो. हिरवा उतरवला आणि लाल चढवला. माझं मला कळायच्या आत हातांनी केलं ते. लोक जमले तेव्हा वर लाल फडकत होता.”

“कुनी बगितलं न्हाई?”

“कोणीच नाही. दिवसातली पहिलीच होडी होती. आत बसलेले सगळे पाहुणे, पहिल्यांदा आलेले. त्यांना झेंड्याचं काय ठाऊक?”

“भागोजीला तर ठाऊक.”

“... हो.”

लाज माणसाला कशी खाते ते सारंगला इतके दिवस पुस्तकातूनच माहीत होतं. आता ती त्यालाच खात होती. होडी उलटल्याचं दुःख एकीकडे. पण ती काठी, ती दोरीची गाठ, ती सोडताना बोटांनी केलेली घाई, हे आठवलं की त्याला स्वतःचे हात नकोसे व्हायचे.

“त्यानं तुला काय इचारलं?” बुवांनी हळूच विचारलं.

“कोणी?”

“भागोजीनं. पान्यातनं वर आला आसंल. झेंडा बगितला आसंल. मंग तुज्याकडं बगितलं आसंल. इचारलंच आसंल काय तरी.”

सारंगनं एक टरफल उचलून चुरगाळलं.

“म्हणाला... साहेब, सकाळपासून लालच होता का?”

“आन् तू काय म्हनालास?”

“काही नाही म्हणालो.”

“काईच न्हाई?”

“मान हलवली.”

“कशी?”

“म्हणजे... हलवली, बुवा.”

“मला कुठं दिसतंय बाबा. कशी हलवली ती मला कळूंदे.”

बुवांनी परात बाजूला सारली. हात धोतराला पुसला आणि पुढे केला. चाचपत चाचपत तो सारंगच्या डोक्यावर आला आणि तिथे स्थिरावला. पायावर डोकं ठेवल्यावर आशीर्वाद देताना ठेवायचे, तसाच.

“हां. आता हलव.”

सारंगला ते जमेना. हात काही जड नव्हता, म्हाताऱ्या माणसाचा हात तो, वजन ते काय असणार? पण मान जागची हलेना.

“हलव की. भागोजीपुढं हलली, मंग माज्यापुढं का हलंना?”

...

त्यानं हलवली. एकदा वर, एकदा खाली.

तळहाताखाली ‘हो’ उमटलं. बुवांनी हात तसाच ठेवला, काढून घेतला नाही. सारंग रडू लागला. शिकलेला, चारचौघांत मान ताठ ठेवून वावरणारा माणूस, लहान पोरासारखं नाक ओढत रडू लागला. त्याला त्याचीही लाज वाटली.

“सोमवार धरीन,” तो हुंदक्यांतून म्हणाला. “अनवाणी डोंगर चढीन. मठाचं छप्पर गळतंय, नवे पत्रे घालून देतो. काहीही सांगा, बुवा. मी हे खोरं सोडूनही जाईन.”

“छप्पर गळतंय ते गळूंदे.”

“मग मी काय करू?”

बुवा भिंत धरून उठले. कोपऱ्यात गेले, काहीतरी चाचपलं, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक काठी होती. नवी होती. साल काढून, तासून, तेल पाजून गुळगुळीत केलेली.

“ही भागोजीला दे.”

“काठी? भागोजीला कशाला?”

“त्यो आला व्हता मागल्या आटवड्यात. माज्यासमोर बसला, तू बसलायस तितंच. म्हनला, बुवा, माजं डोळं फसवाया लागलं. तालुक्याच्या डाक्टरला दाखवलं. डाक्टर म्हनतो, डोळं चांगलं हायती. भागोजी म्हनतो, डाक्टरला काय कळतंय? माज्या डोळ्यांनी हिरवा झेंडा बगितला आन् व्हता तो लाल.”

काठी घ्यायला पुढे केलेले सारंगचे हात तसेच राहिले.

“होडी सोडली त्यानं. वल्ही दुसऱ्याच्या हातात दिली. घरात मिरची पिकली का हिरवीच हाय ते बायकूला इचारतो. रस्त्यानं गेला तर पोरं वरडत्यात, भागोजीदादा, लाल का हिरवा? त्यो हसतो म्हनं. मला म्हनला, बुवा, तुमचं डोळं गेलं तवा तुम्ही चालायला कसं शिकला, ते मला शिकवा. आत्ताच शिकून ठिवतो, म्हंजी पुढं घरच्यांना तरास नगं.”

बुवांनी काठीवरून एकदा हात फिरवला.

“शिकवलं मी. अंगनात दोन येरझाऱ्या घातल्या आमी. त्यो डोळं मिटून चालत व्हता... काठी करून ठिवतो म्हनलं व्हतं. झाली. तुज्या वाटंवर घर हाय त्याचं.”

सारंगनं हात मागे घेतले.

“दुसऱ्या कुणाबरोबर पाठवा ना, बुवा.”

“दुसरं कोन हाय हितं?”

“पण त्याला काठी नको!” सारंग जवळजवळ ओरडलाच. “त्याचे डोळे चांगले आहेत, बुवा! अगदी ठणठणीत आहेत!”

“ते तुला ठावं. त्याला कुठं ठावं?”

...

बुवांनी काठी त्याच्या मांडीवर ठेवली आणि परात पुन्हा पुढ्यात ओढली. सारंग कितीतरी वेळ त्या काठीकडे बघत बसला. मग त्यानं ती उचलली. हाताला तेल लागलं. तो उठला, चपला घातल्या, आणि दारात उभा राहून त्यानं विचारलं. आवाज इतका बारीक होता की तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

“काय सांगू त्याला?”

बुवांनी एक शेंग सोलली.

“हवा सांगतोस ना रं तू... त्या सकाळची सांग.”