सोमपुरी बुवांची पायरी

“...आणि तेही थेट सातव्या पायरीवर? मठातले सोमपुरी बुवा? अगं, म्हणजे त्या मोबाईलच्या खेळात बुवा...”

एवढंच यशोधनच्या कानावर पडलं आणि गिरणीचा पट्टा फिरायला लागला. पुढचं सगळं पिठात गेलं.

बोलणाऱ्या दोघी डबे कमरेवर घेऊन निघूनही गेल्या. धावत जाऊन विचारावं, तर त्याचं दळण नुकतंच वर पडलेलं.

पण गोष्ट डोक्यातून जाईना. सातवी पायरी म्हणजे काही गंमत नव्हती. त्या खेळानं जुन्नरच्या निम्म्या पोरांना वेड लावलं होतं. पाच जणांनी गुहेत शिरायचं, आतला राक्षस मारायचा. जिंकलं की पायरी चढायची, हरलं की उतरायची. यशोधन सहाव्या पायरीच्या अगदी काठावर होता. आणखी एक गुहा जिंकली की सातवी. पुण्याच्या एका संघानं त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण ती आज संध्याकाळपर्यंतच. सातवीवर असशील तर ये, नाहीतर राम राम.

पोरगं तसं हुशार. पण नाकावर माशी बसू देईल तर शपथ. आळीतल्या चार जुन्या सोबत्यांना त्यानं केव्हाच सोडलं होतं. ते म्हणे त्याला खाली ओढत होते.

पिठाचा डबा घरात ठेवला न ठेवला, तो टेकडी चढायला लागला.

बुवा मठाच्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. दुसऱ्या दिवशी पंगत होती.

“बुवा, तुम्ही तो पाच जणांचा खेळ खेळता असं कळलं.”

“कुठं कळलं?”

“गिरणीत.”

“मग चाळून घे, बाबा.”

“थट्टा नको. मला एकच गुहा जिंकायचीय, आणि आजच. तुम्ही बरोबर आलात तर...”

“तुझे सोबती कुठं गेले?”

“सोबती खेळातलं यंत्रच देतं. दर वेळी नवे. आणि देतं ते सगळे दगड. कुणी कुणाचं ऐकत नाही, ज्याला त्याला आपलीच घाई. हरले की दुसऱ्याच्या नावानं खडे फोडतात.”

बुवांनी एक शेंग सोलली.

“यंत्र ही माणसं निवडतं कशी?”

“पायरी बघून. बरोबरीची देतं. अगदी आपल्यासारखी.”

“अगदी?”

“अगदी तोलून.”

“असं...”

बुवांनी आणखी एक शेंग सोलली. त्यातला किडका दाणा बाजूला टाकला.

“आणि कशी असतात म्हणालास ती?”

“दग...” यशोधननं जीभ चावली. मठाच्या कुत्र्यानं जांभई दिली.

“चल,” बुवा म्हणाले. झोळीतून त्यांनी मोबाईल काढला. काचेला आडवी चीर गेलेली, पाठीला कुंकू लागलेलं.

“तुमची पायरी कितवी, बुवा?”

“गुहेतून बाहेर आल्यावर सगळ्यांचीच दिसते. तोवर कशाला घाई?”

यशोधननं ओळखलं, बुवा मोठेपणा लपवतायत. दोघं मिळून शिरले की यंत्र त्यांतल्या वरच्याची पायरी धरतं आणि तशीच आणखी तीन माणसं देतं. आज तर सातवीचेच येणार.

तिघं आले. एक ‘वाघ्या’, एक ‘मिरची’ आणि एक नुसताच ‘बंडू’. खेळात बुवांचं नाव होतं ‘सोमा’.

पहिल्याच वळणावर बंडू पडला.

खेळाचा नियम असा, की पडलेल्यापाशी कुणीतरी जरा वेळ बसलं की तो उठतो. पण बसणाऱ्याला त्याचा एकही गुण मिळत नाही, वर पाठीत मार बसतो तो वेगळाच. त्यामुळे सहसा कुणी बसत नाही.

सोमा बसला.

“सोडा त्याला, बुवा. वेळ जातोय.”

“पडलाय तो.”

“दिसतंय मला. म्हणून तर सोडा म्हणतोय.”

सोमा हलला नाही.

पुढं मिरची भलत्याच वाटेला लागली. यशोधननं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ‘मिरची, तू दगड आहेस.’

खाली उत्तर उमटलं, ‘बरं.’

मग राक्षस आला. यशोधन सगळ्यांच्या पुढं होता, म्हणून शेपटीचा पहिला तडाखा त्यालाच बसला. त्याचा मोबाईल करडा पडला. राक्षस मरताना जो आडवा असतो, त्याला विजय मिळत नाही. उलट त्याची एक पायरी जाते.

“बुवा, मी पडलो.”

“बघितलं.”

“मग या की लवकर.”

“बंडूपाशी बसलोय. परत पडला तो.”

तिकडं वाघ्या राक्षसावर वार करत सुटला होता. पुण्याची जागा, सातवी पायरी, आळीत आधीच मारून ठेवलेल्या फुशारक्या... सगळं त्या करड्या काचेत आडवं पडलं होतं.

तेवढ्यात मिरची वळली. राक्षसाकडं पाठ करून ती यशोधनपाशी येऊन बसली. पाठीत एक दणका खाल्ला, दुसरा खाल्ला. यशोधन उठला.

वाघ्या गारद झाला. पण राक्षसही आता मोडकळीला आला होता. फार तर एक वार.

आणि मिरची पडली.

यशोधनचा अंगठा तलवारीवर होता. एक वार केला की सातवी. मिरची एक पायरी खाली जाईल, एवढंच. नाव कळलेलं नाही, गाव ठाऊक नाही, पुन्हा कधी भेटायची नाही.

त्यानं बुवांकडं पाहिलं. बुवांचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. बंडूला उठवता उठवता ते काहीतरी गुणगुणत होते.

“च्यायला,” यशोधन पुटपुटला, आणि मिरचीपाशी बसला.

राक्षसानं एकाच दणक्यात दोघांना चिरडलं. मग सावकाश, जेवण झाल्यावर बडीशेप चघळावी तसं, बंडूला आणि सोमाला.

सगळे हरले. यशोधन पाचवीवर आला. पुण्याची जागा गेली, ती आता काही केल्या संध्याकाळपर्यंत हाती लागायची नव्हती. तो काचेकडं बघत राहिला... आणि त्याला एकदम हसूच फुटलं. कशाचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

काचेवर अक्षरं उमटली. मिरचीनं लिहिलं होतं, ‘पुन्हा जायचं का, दगडा?’

बंडूनं खाली जोडलं, ‘मी पण.’

यशोधननं लिहिलं, ‘थांबा, आलोच.’ मग सगळ्यांच्या पायऱ्या दिसायला लागल्या तशी त्याची नजर खाली घसरली. तळाशी सोमा होता. यशोधननं काच सदऱ्याला पुसली आणि पुन्हा वाचलं.

“बुवा, तुम्ही पहिलीवर?”

“हो.”

“गिरणीत तर सातवी म्हणत होत्या.”

“सातवीची माणसं बोलावतात तेव्हा त्यांच्या गुहेत जातो. तेवढं खरं आहे.”

“ती माणसं बोलावतात? पहिलीवाल्याला?”

“बोलावतात बिचारी.”

“पण इतकं खेळून एक पायरीसुद्धा कशी चढला नाहीत? सारखं तळालाच?”

बुवांनी मोबाईल झोळीत ठेवला. शेंगांची अर्धी टोपली त्याच्यापुढं सरकवली.

“यशोधन... जिन्यावरून पडलेला माणूस कुठल्या पायरीवर सापडतो?”