वाघजाळीची भिवरा आणि गारांचा ढग

वाघजाळीत घरं कमी आणि शहाणे जास्त होते, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

तेव्हा गावाला एक गारपगारी असायचा. ढग काळवंडला की त्याने शिवेवर उभं राहायचं, मंत्र म्हणायचे आणि गारा दुसरीकडे वळवायच्या. त्याबद्दल खळ्यावर त्याला दाणे मिळत. वाघजाळीचा गारपगारी उदनाथ. भिवरा त्याची बायको.

एका फाल्गुनात गारा पडल्या. नारळाएवढ्या, असं म्हणतात. मेंढ्या जागेवर मेल्या, छपरं फुटली, ज्वारी आडवी झाली आणि शिवार गुडघाभर पांढरं झालं. शिवेवर त्रिशूळ धरून उभा असलेला उदनाथही तिथेच गेला.

गावातले थोर लोक देवळात जमले. थोर म्हणजे वयाने. त्यांनी ठरवलं, मंत्र चुकला म्हणून गारा पडल्या. गारपगाऱ्याचं घर शिवेबाहेर जाईपर्यंत कोणी विळा उचलायचा नाही, नाहीतर पुन्हा पडतील.

भिजलेली कणसं त्याच दिवशी खुडली नाहीत तर काळी पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. वर्षाचं खाणं होतं ते. तरी कोणी विळ्याला हात लावला नाही.

भिवराने नवऱ्यावर घोंगडं घातलं. "तुमच्यासाठी मग रडते," म्हणाली, आणि विळा घेऊन पाटलाच्याच वावरात शिरली.

दाजीबा पाटील देवळातून ओरडला, "भिवरे, हो माघारी! पुन्हा गारा पडतील!"

"पडू द्या की, पाटील. तुमच्या डोक्यावर देऊळ आहे."

आणि खरंच ढग आला. पहिली गार तिच्या कपाळावर बसली. रक्त पुसून तिने वर पाहिलं. "नवरा घेतलास. दाणा देणार नाही," म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

तेव्हा पाटलाची सून ठकू डोक्यावर परात पालथी घालून बाहेर पडली.

"अगं ए, घरात हो!"

"मामंजी, काळ्या ज्वारीची भाकरी तुम्ही खाणार का?"

तिच्यामागे साऱ्या बाया निघाल्या. कोणाच्या डोक्यावर परात, कोणाच्या कढई. त्यांवर गारांचा असा दणदणाट झाला की ढगालाच धडकी भरली आणि तो डोंगरापलीकडे पळाला, असं म्हणतात. भिवरा ज्या ओळीत वाकली तिथे गार जमिनीला टेकलीच नाही, हवेतच तिचं पाणी झालं, असंही म्हणतात. म्हाताऱ्यांनी नंतर सांगितलं, ढग आमच्या जपाने हटला. त्यांना सांगायला काय जातंय!

दिवस मावळायच्या आत कणसं घरोघर चुलीपुढे वाळत पडली. मग बायांनी उदनाथाला पाटलाच्याच वावरात समाधी दिली. तेव्हा कुठे भिवरा रडली. तिला शिवेबाहेर काढायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पाटील बोलणार कसा? तोंडात त्याच ज्वारीची भाकरी होती.

आजही वाघजाळीत गारा पडल्या की कोणी देवळात बसत नाही. ज्याचं जास्त गेलं, त्याच्या वावरात आधी सगळं गाव उतरतं. आणि एखाद्या शहाण्याने विचारलंच, हे कोणाच्या पापाने झालं, तर त्याच्या डोक्यावर परात ठेवतात, हातात विळा देतात आणि सांगतात, "भिवराच्या नावाने वाक."